फॉरमॅट मारण्यापूर्वी

‘हळू चालतो? मग फॉरमॅट मारून घ्या.’ आपल्या काळातला हा सर्वांत निरुपद्रवी वाटणारा सल्ला. तो देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते आणि घेणाऱ्याला त्यात विचार करण्याजोगे काही दिसत नाही. पाटी पुसली की पुन्हा लिहिता येते, इतके ते साधे वाटते. या लेखाचे म्हणणे असे, की मराठीत लिहिणाऱ्या आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला साधा नाही. आणि तो डोळे मिटून घेण्यात आपण ज्या विद्येचा अभिमान बाळगतो तिचाच, म्हणजे पाठचिकित्सेचा, अपमान करतो. यात तंत्रज्ञांचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे.

हे आता लिहिण्याला निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार संपला. तिच्या जागी यावी अशी अपेक्षा असलेली विंडोज ११ किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ६४ बिटांचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय मागते. महाविद्यालयांतली आणि घरांतली कितीतरी यंत्रे या अटींत बसत नाहीत. तेव्हा ती एक तर भंगारात जाणार किंवा ‘फॉरमॅट’ होणार. दोन्ही वाटांवर आपले लेखन उभे आहे, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नाही.

*

एक घटना सांगतो. माझे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी उमेदीच्या काळात जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. गावोगाव जाऊन, वहीत उतरवून, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि सांगण्याची तारीख नोंदवून. नव्वदीच्या दशकाअखेरीस त्या वह्या त्यांनी स्वतः संगणकावर टंकल्या. तेव्हाचे मराठी टंकलेखन म्हणजे एखाद्या कंपनीचा फॉन्ट. पुढे २००९ साली मुलाने त्यांना दहा इंची पडद्याचा एक लहान लॅपटॉप आणून दिला. ॲटम एन २७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. जुन्या संगणकावरच्या फाइली त्यात आल्या, आणि भाच्याने आठवणीने तो फॉन्टही आणून टाकला. वह्यांना तोवर वाळवी लागली होती. त्या गेल्याचे सरांना फारसे दुःख झाले नाही, कारण ‘सगळे आत आहे’.

२०१५च्या पावसाळ्यात लॅपटॉप फारच मंदावला. तो दुकानात गेला, दोन दिवसांनी परत आला. दुकानदार प्रामाणिक होता. ‘काका, डेटा सगळा डी ड्राइव्हला टाकलाय, काही गेलं नाही,’ असे त्याने सांगितले आणि ते अक्षरशः खरे होते. एकही फाइल गेली नव्हती. सरांनी पहिली फाइल उघडली, तर ओव्यांच्या जागी रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे आणि प्रश्नचिन्हे यांचा खच. दुसरी उघडली, तेच. त्यांना वाटले, व्हायरस लागला. तो इतर फाइलींना लागू नये म्हणून त्यांनी त्या दोन्ही फाइली काढून टाकल्या आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. मग मला फोन आला.

मी पोचलो तेव्हा बाकीच्या फाइली शाबूत होत्या आणि कारण पाच मिनिटांत कळले. फॉन्ट नव्हता. तो ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो, तो विंडोजच्या स्वतःच्या घरात, ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरात राहतो. दुकानदाराने मालकाचे सामान काळजीपूर्वक बाहेर काढले आणि मग घर पाडले. ते सामान वाचण्याची किल्ली भिंतीत बसवलेली होती, हे त्याला ठाऊक नव्हते. सरांना ठाऊक नव्हते. आणि मी, ज्याने पाठचिकित्सेवर तासचे तास व्याख्याने दिली होती, मलाही त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

गेलेल्या दोन फाइलींतल्या ओव्या सांगणाऱ्या बाया आता हयात नाहीत.

*

या घटनेतले यंत्र समजून घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे. ते अवघडही नाही.

युनिकोडपूर्व काळातल्या बहुतेक देवनागरी फॉन्टांनी एक युक्ती केली होती. संगणकाला रोमन अक्षरेच कळतात ना? मग साठवू रोमन अक्षरे, आणि दाखवताना त्या अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे काढू. कृतिदेव या प्रसिद्ध फॉन्टात तुम्ही ‘राम’ लिहिता तेव्हा फाइलमध्ये जे, के आणि ई ही तीन रोमन अक्षरे जातात. फाइलीत राम कुठेच नसतो. राम फक्त फॉन्टाच्या कृपेने पडद्यावर आणि कागदावर दिसतो. शिवाय ही चित्रे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने रचलेली: ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. उच्चारात आणि व्याकरणात क आधी येतो, पण फॉन्टाला व्याकरणाशी कर्तव्य नसते. तो चित्रकार आहे. आणि प्रत्येक कंपनीचा चित्रकार वेगळा. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात उघडला की राम नाहीसा होतो.

युनिकोडने १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे क्रमांक दिले. आता फाइलीत र, काना आणि म हेच साठतात; फॉन्ट गेला तरी पाठ राहतो, दुसरा कोणताही देवनागरी फॉन्ट तो वाचतो. विंडोज २०००पासून हे मोठ्या प्रमाणावर शक्य झाले. एक्सपीतही ते होते, पण तिथे सेटिंगांच्या एका कोपऱ्यात जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ती खूण करणारे थोडे निघाले. आपल्या भाषेचा लिखित वारसा त्या काळात एका न केलेल्या खुणेवर अडकून राहिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

कुणी म्हणेल, हा इतिहास झाला. तसे नाही. शोधगंगेवरचा एखादा जुना मराठी प्रबंध उघडा, त्यातला एक परिच्छेद निवडा आणि दुसरीकडे चिकटवून पाहा. अनेकदा पानाचे नुसते छायाचित्र असल्याने काहीच निवडता येणार नाही, आणि निवडता आले तर बरेचदा सरांच्या फाइलींतला तोच रोमन खच हाती येईल. पदवी मिळाली, प्रबंध जपला गेला, ‘उपलब्ध’ही आहे. फक्त त्यात शब्द शोधता येत नाही. ज्या ग्रंथात शब्द शोधता येत नाही तो अभ्यासकाच्या दृष्टीने अर्धा मिटलेला ग्रंथ आहे.

*

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रकाराला पूर्वज आहेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’चा मूळ पाठ धाडीत गेला आणि अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा जुळवला, म्हणून त्याचे वेगवेगळे पिढीपाठ झाले. पुढे सांकेतिक लिपीमुळे हे वाङ्मय शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला मुके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी उकल केली तेव्हा कुठे प्राचीन मराठी गद्याचे दालन उघडले. ही कथा आपण दर वर्षी पहिल्या वर्गाला सांगतो.

महानुभावांकडे निदान हेतू होता. आपला ग्रंथ परक्याच्या हाती पडून भ्रष्ट होऊ नये, ही त्यांची इच्छा होती; आणि किल्ली पंथात परंपरेने दिली जात होती. आपण आपले लेखन सांकेतिक लिपीत लिहिले ते कुठलाही हेतू नसताना, लिहितो आहोत हे न कळता, आणि किल्ली दुसऱ्याच्या भिंतीत बसवून.

सरांच्या उरलेल्या फाइली मी उलगडल्या, त्या राजवाड्यांच्या पद्धतीनेच म्हणायच्या. फॉन्टाचे नाव फाइलीत होते, पण ती आवृत्ती कुठे मिळेना आणि उपलब्ध परिवर्तकांपैकी एकही तिला जुळेना. सुदैवाने त्यातल्या काही ओव्या एका नियतकालिकात छापून आल्या होत्या. छापील पान एका बाजूला, खच दुसऱ्या बाजूला; कोणत्या चिन्हासमोर कोणते अक्षर, याची तक्ता-वही तयार केली. सुटी अक्षरे दोन संध्याकाळींत झाली. जोडाक्षरांनी तीन आठवडे घेतले. रफार आणि ‘दऱ्या’तला अर्धा र यांनी शेवटपर्यंत छळले. साताठ चिन्हे अजूनही चौकटी कंसात आहेत. ते काम करताना आनंद झाला नाही असे म्हणणार नाही. पण हेही जाणवत होते, की मी ज्याची उकल करत आहे तो पाठ तेराव्या शतकातला नव्हे. तो माझ्या शिक्षकांनी माझ्या हयातीत लिहिला होता.

*

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. तांत्रिक मंडळींत, विशेषतः मुक्त स्रोताच्या उत्साही पुरस्कर्त्यांत, ‘स्वच्छ पुनर्स्थापना’ ही जवळजवळ दीक्षा मानली जाते. जुने सगळे पुसा, डिस्क कोरी करा, नवे घाला. मी त्यांच्या बाजूचा आहे. सरांचा तोच लहान लॅपटॉप आज माझ्याकडे डेबियनवर चालतो. तरीही ‘स्वच्छ’ या शब्दाची ही नशा मला मान्य नाही. कोरेपणा हे मूल्य नव्हे.

शुद्धीकरण म्हणजे काय, याचा आपल्याकडचा नमुना वेगळा आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या नकलाकारांनी पाठात घातलेली भर आणि केलेली मोडतोड त्यांना काढायची होती. म्हणजे तीही एक स्वच्छ पुनर्स्थापनाच. पण त्यांनी आधी जुन्या पोथ्या नदीत सोडून मग आठवणीतून नवी लिहिली नाही. आहे ते पाहिले, ताडले, निवडले आणि मग शुद्ध केले. आधी संग्रह, मग तुलना, मग त्याग. हा क्रम उलटला की शुद्धी उरत नाही, विध्वंस उरतो. दुकानदाराचा क्रम उलटा होता, आणि अनेक उत्साही तंत्रप्रेमींचाही असतो.

हाच क्रम लहान लॅपटॉपला लावला तर काय करावे लागते? पहिले काम डिस्ककडे बोट नेण्याचे नाहीच. आधी यंत्र जसे आहे तसे उघडून आपली प्रत्येक जुनी फाइल कोणत्या फॉन्टात आहे ते पाहायचे, फॉन्टांचे फोल्डर पूर्ण उचलून पेनड्राइव्हवर घ्यायचे, आणि फॉन्ट जिवंत असतानाच त्या फाइलींचे युनिकोडमध्ये परिवर्तन करून मूळ पाठाशी ताडून घ्यायचे. परिवर्तक वेलांट्या आणि रफार हमखास चुकवतात. तिथे मुद्रितशोधकाचा डोळा लागतो, प्रोग्रामरचा नव्हे. शिवाय एकेक छापील किंवा पीडीएफ प्रत ठेवायची, म्हणजे पुढे कुणाला उकल करावी लागली तर त्याच्याजवळ छापील पान असेल.

मग नवी प्रणाली निवडायची. ॲटम एन २७० हा ३२ बिटांचा प्रोसेसर. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले, तेव्हा २०२३चा डेबियन १२ घ्यावा लागला. उतरवलेली फाइल मुळाबरहुकूम आहे का, हे तपासण्यासाठी तिच्यासोबत ६४ अक्षरांची एक खूण दिलेली असते. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी आपल्याकडे निघणारी खूण वेगळी येते. संहितेची प्रत मूळ प्रतीशी तंतोतंत जुळते आहे याची इतकी काटेकोर खात्री आपल्या कोणत्याही संपादकाला कधी मिळालेली नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी का वाटावी?

पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इन्स्टॉलर विचारतो, डिस्कचे भाग कसे पाडायचे? तिथे ‘होम’ वेगळे ठेवण्याचा पर्याय असतो. एका भागात प्रणाली, दुसऱ्या भागात तुमचे लेखन. पुढच्या वेळी प्रणाली पूर्ण पुसली तरी लेखनाच्या खोलीला धक्का लागत नाही. मराठी फॉन्टांची एक प्रत मी त्याच खोलीत ठेवतो. यानंतर हलका डेस्कटॉप, इन्स्क्रिप्ट कळफलक, आणि एक दुपार संपते. त्या इन्स्टॉलरच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. तिची भाषा जागोजागी अडखळते, हे खरे. पण त्या भाषेवर आपल्यापैकी कुणी परीक्षण लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. कादंबरीच्या भाषांतरातल्या एका क्रियापदावर आपण चर्चासत्र घेतो.

*

या सगळ्यावर तीन आक्षेप मी ऐकले आहेत.

पहिला: हे आमचे काम नव्हे, आम्ही आशयाची माणसे. पण कागद, शाई, लेखनिकाच्या सवयी, बांधणी यांच्याकडे पाहिल्यावाचून हस्तलिखिताचा काळ ठरत नाही, हे सांगणारीही हीच माणसे. माध्यम पाठ घडवते, असे प्रबंधात लिहायचे आणि स्वतःचा पाठ ज्या माध्यमात आहे त्याची चौकशी करणे कमीपणाचे मानायचे, ही विसंगती आता लपवण्याजोगी राहिलेली नाही. सत्तेची चिकित्सा तर आपल्या प्रत्येक निबंधात असते. २००९च्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये, म्हणजे लहान लॅपटॉपांसाठी असलेल्या स्वस्त आवृत्तीत, पडद्यामागचे चित्र बदलण्याची मुभाही नव्हती. घर तुमचे, भिंतीवरचे चित्र मात्र घरमालक सांगेल ते. सत्तेचे याहून बोलके उदाहरण टेबलावर उघडे असताना आपण ते परदेशी ग्रंथांत शोधत होतो.

दुसरा: आता सगळे ढगात असते, लॅपटॉपवर काही ठेवावेच लागत नाही. ज्यांना हे सोयीचे आहे त्यांनी ते जरूर करावे. दुसरी प्रत म्हणून ते उत्तम आहे. पण एकमेव प्रत म्हणून? किल्ली पुन्हा दुसऱ्याच्या भिंतीत जाते, फक्त ती भिंत आता दिसतही नाही. शिवाय जुन्या फॉन्टातला मजकूर ढगात टाकला म्हणून मराठी होत नाही. तो तिथेही जे-के-ईच राहतो.

तिसरा आक्षेप मला खरोखर बोचतो. सत्तरीच्या माणसाने हे शिकावे, ही अपेक्षा क्रूर नाही का? आहे. सरांकडून ती कधीच नव्हती. ती माझ्याकडून होती. त्यांच्या हाताखाली शिकलेले आम्ही निदान पंधरा जण त्या गावात होतो. प्रत्येकाने त्यांच्या ओव्यांचा आपल्या लेखांत दाखला दिला होता. त्या ओव्या कोणत्या डिस्कवर, कोणत्या फॉन्टात, किती प्रतींत आहेत, हे एकानेही विचारले नाही. संहिता जपणे हे शिष्याचे काम असते, असे आपली सगळी परंपरा सांगते. म्हाइंभटाने तेच केले. दुकानदाराला बोल लावून आम्ही पंधरा जण सुटत नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमात संशोधनपद्धती शिकवली जातेच. तिच्यात दोन दिवस या कामाला द्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एक जुना लॅपटॉप स्वतःच्या हाताने पुसून पुन्हा उभा करावा, आणि त्याआधी त्यातला एक जुना मराठी पाठ युनिकोडमध्ये आणून, ताडून, त्यावर पाठभेदांसह टिपण लिहावे. हा संगणकाचा तास नव्हे; पाठचिकित्सेचा आहे. प्रत्येक विभागाने आपल्या निवृत्त शिक्षकांच्या घरी एकदा जाऊन, त्यांची यंत्रे दुकानात जाण्यापूर्वी, फॉन्टांचे फोल्डर उचलून आणावे. एका पेनड्राइव्हवर ते सहज मावते.

सर गेल्या वर्षी गेले. त्यांच्या ओव्यांचा युनिकोडमधला पाठ आता चार ठिकाणी आहे आणि कोणत्याही साध्या मोबाइलवर वाचता येतो. चौकटी कंसांतली ती साताठ चिन्हे मात्र तशीच आहेत. आणि दोन फाइलींची नुसती नावे माझ्याकडे आहेत. ती गावांची नावे आहेत.